वही आमची, कुलूप त्यांचं

आज जरा भांडायचं आहे. बरेच दिवस मनात साठलंय, आणि ऑफिसात हा विषय काढला की लोक "झालं याचं सुरू" म्हणत चहाला निघून जातात. म्हणून इथे. नातेवाईक मंडळींना आधीच सांगून ठेवतो, विषय कॉम्प्युटरचा असला तरी तो शेवटी तुमच्या बँकेतल्या ठेवीपर्यंत जाणार आहे. तेव्हा अर्ध्यावर सोडू नका.

प्रश्न साधा आहे. एखादी संस्था रोख पैसे मोजून नेटवर्कच्या सुरक्षेचा बॉक्स विकत घेते. फायरवॉल म्हणा, घुसखोरी पकडणारं यंत्र म्हणा, काहीही म्हणा. या बॉक्सच्या पोटात एक डेटाबेस असतो. आतून बाहेर कोण गेलं, बाहेरून आत कोण आलं, कोणाला अडवलं, कधी अडवलं, याची सगळी नोंद त्यात होते. तर या नोंदी कोणाच्या? बॉक्स विकणाऱ्याच्या, की विकत घेणाऱ्याच्या?

माझं उत्तर सरळ आहे. विकत घेणाऱ्याच्या. आणि ज्याच्या नोंदी, त्याला त्या स्वतःला हव्या त्या साधनाने वाचता आल्या पाहिजेत. विकणाऱ्याने बनवून दिलेल्या रंगीत चकत्यांमधूनच आपली माहिती बघायची, ही सक्ती मला मान्य नाही.

ज्यांना फायरवॉल वगैरे माहीत नाही त्यांच्यासाठी. सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो, त्याच्या टेबलावर वही असते. कोण आलं, कुठल्या फ्लॅटकडे गेलं, किती वाजता, गाडीचा नंबर काय. फायरवॉल म्हणजे हा वॉचमन. फक्त त्याच्या गेटमधून दिवसाला लाखो जण ये-जा करतात, आणि तो न कंटाळता प्रत्येकाची नोंद ठेवू शकतो. आता समजा वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीने सांगितलं, "वही आमच्या कपाटात राहील, कुलूप आमचं. तुम्हाला दर महिन्याला एक छान रंगीत कागद मिळेल." त्या कागदावर काय, तर सर्वात जास्त पाहुणे आलेले दहा फ्लॅट, सर्वात जास्त वेळा आलेल्या दहा गाड्या. मग एक दिवस तुमच्याकडे चोरी होते. तुम्ही विचारता, मंगळवारी दुपारी दोन ते चार बी विंगमध्ये कोण कोण गेलं? उत्तर येतं, "तसा रिपोर्ट आमच्याकडे नाही. टॉप टेन फ्लॅट देऊ का?"

हसू नका. हे रोज घडतं, आणि लाखो रुपये देऊन घडतं.

मी एका मध्यम आकाराच्या कारखान्याचं नेटवर्क बघत होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, बॉक्सवाल्यांचंही सांगत नाही, कारण नाव महत्त्वाचं नाहीये. असे अनेक आहेत. अकाउंट्स खात्यातल्या एका मशीनबद्दल शंका होती. मला एवढंच हवं होतं की गेल्या तीन महिन्यांत रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात त्या मशीनवरून बाहेर कुठे कुठे जोडणी झाली, आणि त्यातले आधी कधीच न दिसलेले पत्ते कोणते. बॉक्सच्या मेनूत असा रिपोर्ट नव्हता. विक्रेत्याच्या इंजिनिअरला फोन लावला.

"सर, तसा रिपोर्ट नाहीये."

"रिपोर्ट नकोच. डेटा आहे ना आत?"

"डेटा आहे ना, सर."

"मग मला वाचायची परवानगी द्या. क्वेरी मी लिहितो."

"नाही सर, डेटाबेसला हात लावला तर सपोर्ट जातो. रिपोर्टिंगचं लायसन्स वेगळं घ्यावं लागेल. कोटेशन पाठवू का?"

म्हणजे बघा. मशीन आमची, वीज आमची, रॅक आमचा, बॉक्सचे पैसे आम्ही दिलेले, नोंदी आमच्या माणसांच्या. आणि त्या वाचायची फी वेगळी! बरं, ते वेगळं लायसन्स घेऊनही हा प्रश्न विचारता येईल का, याला त्या बिचाऱ्याकडे उत्तर नव्हतं. त्याचा दोष नाही. त्याला जे विकायला दिलं, ते तो विकत होता.

आता कोणी म्हणेल, एवढे तयार रिपोर्ट असताना तुला स्वतःची क्वेरी कशाला हवी? इथेच तर सगळी गंमत आहे. तयार रिपोर्ट जवळपास सगळे "सर्वात जास्त" या धाटणीचे असतात. सर्वात जास्त बँडविड्थ खाणारे, सर्वात जास्त भेट दिलेल्या साइट्स, सर्वात जास्त अडवलेले हल्ले. साहेबांना मीटिंगमध्ये दाखवायला उत्तम. पण मुरलेला चोर टॉप टेनमध्ये कशाला येईल? तो असतो यादीच्या तळाशी. महिन्यातून एकदाच झालेली जोडणी. रोज पहाटे ठराविक वेळी जाणारा एवढासा निरोप. एकाच मशीनवरून, एकाच पत्त्यावर, बाकी कोणीही कधी न गेलेल्या. ते शोधायचं तर यादी उलटी करावी लागते, आणि उलटी करायचं बटण बॉक्सवर नसतं.

दुसरं कारण याहून मोठं. बॉक्सला फक्त बॉक्समधलं माहीत असतं. त्याला दिसतं की अमुक आयपी पत्त्यावरून रविवारी फाईल बाहेर गेली. पण तो पत्ता त्या दिवशी कोणाच्या लॅपटॉपला मिळाला होता, हे डीएचसीपी सर्व्हरला माहीत. तो माणूस त्या दिवशी कामावर होता का, हे हजेरीच्या मस्टरला माहीत. तो महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेलाय, हे एचआरला माहीत. या चार वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तरच काही अर्थ लागतो. आणि त्या शेजारी ठेवण्याचं काम बाहेरचं रिपोर्टिंग टूलच करू शकतं, कारण बॉक्स बनवणाऱ्याला तुमचं मस्टर कुठे ठेवलंय ते माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही.

यावर पहिला ठरलेला सल्ला मिळतो, "सीएसव्ही काढा आणि एक्सेलमध्ये उघडा." हा सल्ला देणाऱ्यांना मी ब्रिटनची एक गोष्ट सांगतो. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण सरकारी आकड्यांतून गळले. का? तर प्रयोगशाळांकडून आलेल्या फाईली एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात भरल्या जात होत्या, आणि त्या साच्यात एका पानावर ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. जागा संपली, पुढचे रुग्ण आकड्यांत आलेच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्या लोकांना कळवायला उशीर झाला. एक्सेलच्या नव्या साच्यात १०,४८,५७६ ओळी मावतात. गजबजलेल्या नेटवर्कवरचा फायरवॉल तेवढ्या ओळी एका दिवसात सहज भरतो. तीन महिन्यांच्या नोंदी एक्सेलमध्ये उघडायला सांगणं म्हणजे विहीर चहाच्या कपाने उपसायला सांगणं. आणि कपाने उपसताना किती सांडलं हेही कळत नाही, खरा धोका तो.

दुसरा ठरलेला सल्ला, "सिसलॉग आहे की!" सिसलॉग म्हणजे नोंद झाली रे झाली की ती दुसऱ्या सर्व्हरकडे धाडून द्यायची जुनी पद्धत. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेलसाठी ती बनवली, आणि पुढे सगळ्यांनी उचलली. सिसलॉग चांगलाच आहे, मी रोज वापरतो. पण तो डेटाबेसच्या जागी चालत नाही. एक तर तो आजपासून पुढचं पाठवतो. काल जे घडून गेलं आणि बॉक्सच्या पोटात साठलं, ते सिसलॉगने बाहेर येत नाही, आणि शंका नेहमी कालच्याच गोष्टीबद्दल येते. दुसरं, अनेक ठिकाणी तो अजून यूडीपीवरून जातो, म्हणजे पावती नसलेलं पोस्टकार्ड. पोचलं तर पोचलं. गर्दीच्या वेळी काही कार्डं गहाळ होतात, आणि हल्ला चालू असतो तीच तर गर्दीची वेळ.

म्हणजे सीएसव्ही अपुरं, सिसलॉग अर्धवट. मग हे करताच येत नाही का? येतं. करणाऱ्यांनी केव्हाच करून दाखवलंय.

मार्टिन रोश यांनी १९९८ मध्ये स्नॉर्ट लिहिलं, घुसखोरी ओळखणारं, सगळ्यांना खुलं असलेलं सॉफ्टवेअर. २००१ मध्ये त्यांनी सोर्सफायर ही कंपनी काढली. २०१३ मध्ये सिस्कोने ती २.७ अब्ज डॉलर्सना घेतली. या घराण्याचा जो मुख्य व्यवस्थापन बॉक्स आहे, त्याचं नाव दर काही वर्षांनी बदलतं. आधी डिफेन्स सेंटर, मग फायरपॉवर मॅनेजमेंट सेंटर, आता सिक्युअर फायरवॉल मॅनेजमेंट सेंटर. पण त्यात एक सोय आहे जी मला सगळीकडे हवी आहे. बाहेरच्या रिपोर्टिंग टूलला त्याच्या डेटाबेसशी जोडता येतं, फक्त वाचण्यापुरतं. ही सोय मुळात बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते. मग बॉक्सवरूनच जेडीबीसी ड्रायव्हर उतरवून घ्यायचा. कुठल्या मशीनवरून कोणी विचारेल त्या मशीनचा पत्ता यादीत घालायचा. टीसीपीचे १५०० आणि २००० हे दोन पोर्ट मोकळे ठेवायचे. आणि एक वेगळा युजर बनवायचा ज्याची भूमिकाच "एक्स्टर्नल डेटाबेस युजर" अशी आहे. जोडणी एसएसएलने झाकलेली. वर कुठल्या टेबलात काय आहे, कुठल्या रकान्याचा अर्थ काय, याचं पुस्तकच कंपनीने छापलेलं आहे! क्रिस्टल रिपोर्ट्स, बर्ट, जॅस्परसॉफ्टचं आयरिपोर्ट, अशी बाहेरच्या टूल्सची नावंही कंपनीच सुचवत आली. (यातलं आयरिपोर्ट आता इतिहासजमा झालं, त्याच्या जागी जॅस्परसॉफ्ट स्टुडिओ आलं.)

मी कोणाची जाहिरात करत नाहीये. हा बॉक्स महाग आहे आणि त्याबद्दलही मी एक दिवस भांडेन :) मुद्दा एवढाच, की एवढी मोठी कंपनी हे दार ठेवू शकते, त्याला कडी लावू शकते, त्याचा नकाशा छापू शकते आणि तरी तिचा धंदा बुडत नाही. मग बाकीच्यांना काय अडचण आहे?

आणि खरं तर एवढं लांब जायलाही नको. आमच्या पिढीने नेटवर्किंग शिकलं ते स्क्विड प्रॉक्सीवर. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, त्याचा अ‍ॅक्सेस लॉग म्हणजे साधी टेक्स्ट फाईल. ग्रेप मारा, पर्ल लिहा, सार्ग लावून सुंदर एचटीएमएल रिपोर्ट काढा. फुकटातल्या वस्तूने जे दिलं ते लाखाच्या वस्तूने नाकारायचं? अहमदाबादच्या सायबरोमने तर आपलं आयव्ह्यू हे रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर मुक्त स्रोत म्हणून खुलं केलं होतं, पुढे २०१४ मध्ये सोफोसने ती कंपनी घेतली. म्हणजे आपल्याच शेजारच्या राज्यातल्या लोकांना हे सुचलं होतं.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. त्यांचं सगळंच चूक नाही, उलट दोन-तीन मुद्दे चांगले आहेत.

पहिला, "डेटाबेसला दार ठेवलं की चोर त्याच दाराने येईल." २५ जानेवारी २००३ चा स्लॅमर आठवत असेल. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या त्रुटीतून तो शिरला आणि दहा मिनिटांत जगातल्या हजारो सर्व्हरवर पसरला, कारण लोकांनी डेटाबेस थेट इंटरनेटच्या तोंडावर उघडा ठेवला होता. मान्य. म्हणून तर दार आतल्या बाजूला हवं, ठरलेल्या एक-दोन मशीनपुरतं हवं, आणि फक्त वाचण्याचं हवं. पण बंद ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं, हे खोटं आहे. एप्रिल २०२० मध्ये सोफोसच्या एक्सजी फायरवॉलवर हल्ला झाला तो एसक्यूएल इंजेक्शननेच. कंपनीने लगेच दुरुस्ती पाठवली, त्याबद्दल तिला श्रेय द्यायला हवं. पण डेटाबेसपर्यंत पोचायला चोरांना कोणी अधिकृत दार ठेवावं लागलं नव्हतं, हे विसरू नका. नाकबंदी होते ती मालकाची.

दुसरा मुद्दा, "तुमची वेडीवाकडी क्वेरी बॉक्सचं डोकं फिरवेल, आणि तिकडे गेट उघडं राहील." हाही खरा. भर दुपारी तीन महिन्यांच्या नोंदींवर अंदाधुंद क्वेरी सोडली तर कुठलंही यंत्र धापा टाकेल. पण याचा उपाय कडी नाही, शिस्त आहे. रात्रीच्या शांत वेळी फक्त कालच्या दिवसाच्या नोंदी वाचायच्या, आपल्या वेगळ्या डेटाबेसात आणून टाकायच्या, आणि मग काय गोंधळ घालायचा तो तिथे घालायचा. तसंही आणाव्याच लागतात. बॉक्समध्ये किती नोंदी राहतील याची मर्यादा बहुधा संख्येत असते, दिवसांत नाही. संख्या भरली की सर्वात जुनं आपोआप पुसलं जातं. ज्या दिवशी धुमाळी जास्त, त्या दिवशी जुनं जास्त लवकर पुसलं जातं!

तिसरा मुद्दा, "आम्ही आवृत्ती बदलली की टेबलं बदलतात, मग तुम्ही आमच्या नावाने ओरडता." ओरडणार नाही. आधी सांगा, बस्स. कुठलं टेबल जाणार, त्याच्या जागी कुठलं येणार, हे लिहून द्या. वर ज्या पुस्तकाबद्दल म्हटलं त्यात अशी यादी असते. आणि थोडं डोकं आम्हीही लावू. उदाहरणार्थ वेळ. या डेटाबेसात वेळ बहुधा १९७० पासूनचे सेकंद अशी ठेवलेली असते, तीही ग्रीनिचच्या हिशोबाने. साडेपाच तास मिळवले नाहीत तर रिपोर्टमधला "दिवस" आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, आणि मध्यरात्री ते पहाटे पाच हा आपला काळ भलत्याच तारखेत जाऊन बसतो. आयपी पत्तेही वाचता येतील अशा आकड्यांत नसतात, बायनरीत असतात, ते उलगडून घ्यावे लागतात. हे सगळं शिकता येतं. पण शिकायला आधी दार तरी हवं.

चौथा मुद्दा ते काढत नाहीत, तो मीच काढतो. खासगीपणा. या नोंदींमध्ये माणसं असतात. कोण दुपारी नोकरीच्या जाहिराती बघत होतं, कोण रात्री कुठल्या आजाराची माहिती शोधत होतं, हे सगळं त्यात दिसतं. हे दार एखाद्या उचापती साहेबाच्या हातात गेलं तर? खरी भीती आहे. पण आजची स्थिती काय आहे? "सर्वात जास्त सर्फिंग करणारे दहा कर्मचारी" हा रिपोर्ट नावासकट तयार मिळतो, एका क्लिकवर, त्याच साहेबाला! स्वतःची क्वेरी लिहिता आली तर निदान नावं झाकून, फक्त गरजेपुरतं बघता येतं, आणि कोणी कधी काय विचारलं याची नोंद ठेवता येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर आपल्याकडे कोणाबद्दल काय साठलंय हे संस्थेला माहीत असायलाच हवं. कपाट दुसऱ्याच्या कुलपात असेल तर ते कसं सांगणार?

आता येतो ठेवींकडे. काका-मावशी, इथून पुढे तुमच्यासाठी.

आमचे एक काका आयुष्यभर सहकारी बँकेत होते. संध्याकाळी रोजकीर्द आणि खतावणीचा मेळ बसल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही, हा त्यांच्या शाखेचा नियम. चार आण्यांचा फरक असला तरी बसून राहायचे. त्यामागचं शहाणपण असं, की एकच वही कितीही सुंदर लिहिली तरी ती स्वतःची साक्ष स्वतः देऊ शकत नाही. दुसरी वही लागते, दुसऱ्या हाताने लिहिलेली.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८.१ कोटी डॉलर्स गेले. चोरांनी नुसते पैसे हलवले नाहीत. बँकेच्या स्विफ्ट यंत्रणेत त्यांनी असं सॉफ्टवेअर सोडलं होतं जे डेटाबेसातल्या नोंदी लपवत होतं आणि प्रिंटरवर येणाऱ्या पावत्यांमध्येही ढवळाढवळ करत होतं. म्हणजे त्याच यंत्रणेला रिपोर्ट मागितला असता तर तिने सांगितलं असतं, सगळं ठीक आहे! आपल्या पुण्यात ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, एटीएममधून २८ देशांत आणि स्विफ्टने हाँगकाँगला. खऱ्या यंत्रणेला बाजूला ठेवून एक खोटी यंत्रणा एटीएमच्या विनंत्यांना "हो, द्या पैसे" म्हणत होती, असं तेव्हा समोर आलं. फायरवॉलच्या नोंदी उघड्या असत्या तर या चोऱ्या टळल्या असत्या, असा दावा मी करणार नाही. तो खोटेपणा होईल. मी एवढंच म्हणतो की जी यंत्रणा फसवली गेली तिच्याच रिपोर्टवर विसंबून बसणं म्हणजे चोरालाच पंच नेमणं. मेळ लावायला दुसरी वही हवी. आणि ती वही वाचायची मुभा हवी, आपल्या चष्म्याने.

हे आता नुसतं शहाणपण राहिलेलं नाही, बंधन आहे. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या सगळ्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवायच्या आहेत. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ ला सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली, बँकेच्या व्यवहारांच्या पसाऱ्यानुसार चार पातळ्यांची. सहा तास! त्यातले चार तास "सर, तसा रिपोर्ट नाहीये, कोटेशन पाठवू का?" यात गेले तर उरलं काय? आणि छोट्या सहकारी बँकेत आयटी खातं म्हणजे किती माणसं असतात हे तुम्हाला माहीत आहे. दीड. त्यातला अर्धा प्रिंटरचा कागद अडकला की तिकडे पळतो. त्याच्या हातात किमान त्याची स्वतःची वही तरी द्या.

तर माझं मागणं अगदी थोडक्यात. जे कोणी संस्थेसाठी असा बॉक्स विकत घेणार असतील, संचालक मंडळावर असतील, किंवा ज्यांच्या ओळखीचं कोणी असेल, त्यांनी खरेदीच्या ऑर्डरमध्ये चार ओळी घालाव्यात. एक, बॉक्समधल्या सर्व नोंदी वाचण्यापुरतं, वेगळ्या युजरने, ठरलेल्या मशीनवरून उघडणारं दार असेल, आणि त्याचे वेगळे पैसे नसतील. दोन, टेबलं आणि रकान्यांच्या अर्थाचं लेखी वर्णन मिळेल. तीन, आवृत्ती बदलताना त्यात काय बदलणार हे आधी कळवलं जाईल. चार, हे दार वापरल्यामुळे सपोर्ट नाकारला जाणार नाही. ऑर्डरवर सही होण्याआधी विक्रेता अगदी मऊ असतो, सही झाल्यावर तो कोटेशनच्या भाषेत बोलतो. म्हणून आधीच.

आणि ज्यांच्याकडे बॉक्स आधीपासून आहे त्यांनी उद्या सकाळी एकच प्रश्न विचारून बघा. गेल्या तीन महिन्यांत या नेटवर्कवरून फक्त एकदाच गेलेला पत्ता कोणता? तास-दोन तासांत उत्तर मिळालं तर तुमची वही तुमच्याकडे आहे, छान. नाही मिळालं तर ती वही कोणाची आहे ते तुम्हीच ठरवा.

काही जण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीवर केवढं हे. असेल. पण आपल्या घरातल्या नोंदी वाचायला दुसऱ्याची परवानगी लागणं ही मला तरी एवढीशी गोष्ट वाटत नाही. आमच्या काकांना चार आणेही एवढेसे वाटत नसत.

तुमच्या ऑफिसात काय परिस्थिती आहे ते जरूर लिहा. बॉक्सचं आणि कंपनीचं नाव मात्र गाळून, उगीच कोणाची नोकरी धोक्यात नको.